जुन्या बाईकला नवी बॅटरी घेताय? आधी या चुका टाळा

माझी पल्सर २००८ ची. मागच्या वर्षी सकाळी कळव्याला बिल्डिंगखाली सेल्फ मारला की नुसतं टकटक, किक मारून ऑफिस गाठायचं असं आठवडाभर चाललं, मग ठाण्यातल्या एका दुकानात जाऊन नवी बॅटरी टाकली आणि चार महिन्यांत परत तेच टकटक. दुकानदार म्हणाला पीस खराब आला असेल, दुसरी घ्या. घेतली पण असती, पण वागळे इस्टेटमधल्या एका म्हाताऱ्या वायरमनने मीटर लावला आणि दोन मिनिटांत सांगितलं, बॅटरीचा काही दोष नाही, आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलचा करंट बॅटरीला लागेल तसा करून देणारा डबा) गेलंय, चार्जिंगच होत नाहीये.

तर पहिली चूक हीच, न तपासता बॅटरी बदलणं. साधा मल्टीमीटर घ्या, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी मोजलं तर चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास असेल तर जवळपास रिकामी समजा. मग गाडी चालू करून रेस द्या, आकडा साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. जागचा हलत नसेल तर कॉइल (इंजिनमधली, करंट बनवणारी), आरआर युनिट नाहीतर पावसाच्या पाण्याने गंजलेला एखादा कनेक्टर बघा, कनेक्टर आधी बघा कारण तो फुकटात साफ होतो. आणि १५ च्या वर गेला तर उलटा प्रॉब्लेम, रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय, नवी टाकली तरी तिची पण तीच गत. बॅटरी फुल चार्ज करून सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली पडत असेल तेव्हा मात्र बॅटरीच गेली, खुशाल बदला. (जुन्या बुलेटवाल्यांना यातलं निम्मं हेडलाइटच्या वर बसवलेल्या अँपमीटरच्या काट्यावरून कळायचं, आपल्याला मीटर घेऊन बसावं लागतं.)

अजून एक, जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांचा हेडलाइट थेट कॉइलच्या एसी करंटवर चालतो, त्यामुळे सिग्नलला लाइट मंद होते म्हणून बॅटरी बदललीत तर पैसे पाण्यात. तिथे बॅटरी फक्त हॉर्न, इंडिकेटर वगैरेसाठी असते, सेल्फवाली असेल तर सेल्फला.

आता खरेदी. दुकानात "ही पण बसते ओ" ऐकलं की सावध व्हा. जुन्या बॅटरीवरचा नंबर, एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) आणि प्लस कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढून न्या. प्लस उलट्या बाजूला असलेली घेतली की वायर ताणून ताणून लावतात, आणि कधीतरी घाईत उलटी जोडली की फ्यूज उडतो, नशीब खराब असेल तर रेक्टिफायर पण. माझ्या गाडीला ९ एएच लागते, तिथे स्वस्तात मिळते म्हणून ५ ची टाकली तर सेल्फ थोडे दिवस ओढेल आणि मग मान टाकेल. उंच बॅटरी पण नको, सीट दाबली जाऊन टर्मिनलला टेकते. आणि राजदूत किंवा जुनी येझदी असेल तर आधी गाडी ६ व्होल्टची आहे का ते बघा, १२ ची लावलीत तर बल्ब उडतील.

बॅटरीवर मॅन्युफॅक्चरिंगचा कोड असतो, तो दुकानदारालाच वाचून दाखवायला सांगा. मेंटेनन्स फ्री (सीलबंद) असेल तर दुकानातच मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर ती शेल्फवर पडून होती, दुसरी मागा. ऍसिड भरायची असेल तर ऍसिड भरल्यावर अर्धा तास थांबून हळू चार्ज व्हायला पाहिजे, एएचच्या एक दशांश करंटवर, म्हणजे ९ ला ०.९ अँपिअर, आणि यात काही तास जातात. पण दहा मिनिटांत लावून देतो म्हणणारे जास्त, आणि मग बॅटरी वर्षभर पण टिकत नाही म्हणून आपणच कंपनीला शिव्या घालतो. संध्याकाळी देऊन सकाळी घ्या, एक दिवस रिक्षाने गेलात तर काय बिघडतं.

ऍसिडवाल्या बॅटरीची व्हेंटची (गॅस बाहेर सोडणारी) नळी नीट खाली सोडली आहे ना बघा, नाहीतर ऍसिड चेनवर आणि फ्रेमवर ठिबकत राहतं. पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, परत ऍसिड नाही, आणि ते एसीच्या पाईपचं पाणी तर अजिबात नाही, आमच्या सोसायटीत अर्धे लोक बाटलीत भरून ठेवतात, त्यात एसीच्या कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेला असतो.

घरी बदलणार असाल तर काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. उलटं केलंत आणि पाना प्लसवरून फ्रेमला लागला की अशी ठिणगी उडते की पाना हातातून सुटतो. माझा पाना अजून काळा आहे.