सही कुणासमोर केली? रजिस्ट्रारकडे जाण्याआधी या चुका टाळा

इंदूरच्या कलेक्टर ऑफिसबाहेरच्या टायपिस्टांकडे एक सल्ला फुकट मिळतो: "नोटरी करून घ्या, चालून जाईल." तो ऐकून चकरा मारणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्टॅम्प कितीचा, हे नंतरचं. सही कुणासमोर झाली, ते आधी बघितलं जातं.

सगळ्यात जास्त घोटाळा मुखत्यारपत्राचा (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी). समजा, रामबागेतल्या आजोबांनी विक्रीखतावर सही केली, पण गुडघ्यांपायी रजिस्ट्रीला जाववत नाही, म्हणून दस्त घेऊन भाच्याला पाठवायचंय. भाच्याच्या हातात नोटरीचं मुखत्यारपत्र असेल तर उप पंजीयक (म्हणजे सब-रजिस्ट्रार) ते परत करतील, आणि बरोबरच करतील. नोंदणी कायदा, १९०८, कलम ३३: देणारा भारतात राहत असेल तर हे मुखत्यारपत्र तो राहतो तिथल्या रजिस्ट्रार किंवा सब-रजिस्ट्रारसमोरच व्हायला हवं. मुखत्यारपत्र देणारा मुलगा असेल आणि तो पुण्यात राहत असेल, तर पुण्यात. तोच अमेरिकेत राहायला गेला, की तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये केलेलं चालतं! आणि आजोबांना जिना उतरणंच धोक्याचं असेल तर अधिकारी घरी येऊ शकतात. अर्ज करा, त्यात भिडेचं काही नाही.

उलटी चूकही होते. सब-रजिस्ट्रारला शपथ देता येते (कलम ६३), पण नोंदणीच्या कामात तो ज्याला विचारपूस करतोय त्यालाच. नाव बदलल्याचं शपथपत्र घेऊन त्याच्या रांगेत उभं राहू नका, ते नोटरीकडचं काम. त्याच्यासमोर मुद्दाम खोटं सांगितलं तर मात्र सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विशेष विवाह कायद्यात घोषणापत्रावर वधू-वर आणि तीन साक्षीदार विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या करतात. 'वेळ वाचेल' म्हणून घरून सह्या करून नेऊ नका. साक्षीदार तीन, दोन नव्हेत. तिसरा उज्जैनच्या गाडीत अडकला तर सगळं वऱ्हाड त्याची वाट बघत बसतं.

जन्मनोंदीला उशीर झालाय? तीस दिवसांनंतर, वर्षाच्या आत, पूर्वी नोटरीचं शपथपत्र लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात त्याजागी स्वसाक्षांकित (स्वतःच सही केलेला) कागद आला. सोबत जन्म-मृत्यू नोंदणीच्या जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी आणि शुल्क. टायपिस्ट अजून जुनाच मजकूर छापून देतात. वर्ष उलटलं असेल तर निबंधकांना विनवण्या करून उपयोग नाही, कलेक्टर, एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा कलेक्टरांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी मॅजिस्ट्रेटचा आदेश आणावा लागतो.