नाशिकच्या घरांसाठी खारफुटीची चित्रकथा

'समुद्र लांब आहे, आपला काय संबंध?' हा प्रश्न येणारच. म्हणून पहिलं चित्र गोदावरीच्या उगमाचं, ब्रह्मगिरीचं, दुसरं नाशिकच्या रामकुंडाचं काढा. गोदावरी सुमारे 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळ, आंध्रात, कोरिंगाचं खारफुटीचं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं, जंगल आहे. घाटावरची प्लास्टिकची पिशवी पाण्यात पडली की गोष्ट सुरू.

एकूण 8 चित्रं, ए-3 आकाराच्या जाड कार्डशीटवर; गठ्ठा हातात धरून एकेक दाखवायची, मजकूर मागून वाचायचा. साध्या ड्रॉइंग पेपरवर जलरंग लावला की कागद फुगतो, हातात धरला की वाकतो. बाह्यरेषा जाड काळ्या मार्करने काढा. नाजूक पेन्सिलीतला खेकडा तीन मीटरवरून दिसत नाही.

मजकूर लिहिताना हमखास घोळ होतो. चित्राचा मजकूर त्याच्याच पाठीवर लिहू नका, कारण वाचणाऱ्यासमोर गठ्ठ्यातल्या शेवटच्या कार्डाची पाठ असते. म्हणून पहिल्याचा मजकूर आठव्याच्या पाठीवर, दुसऱ्याचा पहिल्याच्या, असं पुढे. दाखवून झालेलं कार्ड मागे सरकवायचं.

पाचव्या चित्रावर थांबा. तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात आणि हवा घेतात. परातीत कणकेचा गोळा थापून त्यात 15-20 काड्या उभ्या खोचा, वर ओली प्लास्टिकची पिशवी पसरा. मुळं का गुदमरतात, हे मुलं स्वतःच सांगतात; तुम्ही आधी बोलू नका.

शेवटच्या, आठव्या कार्डाची चित्राची बाजू कोरी ठेवा. पिशवी कुठे अडवायची, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून काढायचं. आजीलाही खडू द्या.