आधी मासा ओळखा, मग गळ धरा: पोरांना गोड्या पाण्यातली मासेमारी कशी शिकवायची

उन्हाळी शिबिरात पोरांना तळ्यावर नेऊन गळ टाकायला शिकवायचं फॅड हल्ली बरंच वाढलंय. होतं काय तर भिंतीवर माशांचा एक रंगीत तक्ता लावतात, 'निसर्गाचा समतोल राखा' असं एक वाक्य वहीत उतरवून घेतात आणि लगेच गळ हातात. मासा लागला की पोरगं ओरडतं, सर कुठला हो? आणि सर तक्त्याकडं बघत बसतात. माझं म्हणणं सरळ आहे, मासा ओळखता येईपर्यंत कुणाच्या हातात गळ द्यायचाच नाही. बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) सोडून दे, अंड्यावरची मादी सोडून दे, हा परत पाण्यात टाकू नको, असे जे काही नियम आपण शिकवतो ते सगळे हातात काय आहे हे कळलं तरच पाळता येतात ना.

मी लिहितोय ते भीमा खोऱ्यातल्या, उजनीच्या आसपासच्या पाझर तलावांच्या हिशोबानं. नावं गावागणिक बदलतात, तुमच्याकडं काय म्हणतात ते तिथल्या मासेवाल्यालाच विचारा, गुगलला नको.

परवानगी

तलाव सरकारी म्हणजे कुणीही जाऊन मासे धरावेत असं नसतं. धरण जलसंपदाचं असेल, छोटा तलाव ग्रामपंचायतीचा किंवा झेडपीचा असेल, पण मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो आणि त्या लोकांनी पदरचे पैसे घालून त्यात बीज (माशांची पिल्लं) सोडलेलं असतं. चेअरमनना जाऊन भेटा, शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. ठेका कुणाचा तेच कळत नसेल तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय ऑफिसात विचारा. नीट विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट एखादा जाणता माणूस सोबत देतात, आणि तो माणूस तुमच्या तक्त्यापेक्षा शंभरपट कामाचा असतो. अभयारण्य किंवा नॅशनल पार्कातलं पाणी असेल तर विषयच सोडा.

नियम थोडेच सांगा, पण कारणासकट

पंचवीस नियमांची यादी वाचून दाखवू नका, पोरं तिसऱ्यालाच झोपतात. मी मोजकेच सांगतो. पहिला, सुरुंग आणि विष. इंग्रजांच्या काळातल्या १८९७ च्या फिशरीज अ‍ॅक्टपासून पाण्यात स्फोट करून किंवा विष कालवून मासे मारणं गुन्हा आहे. आजही ओढ्यात पावडर टाकणारे नाहीतर वायर सोडणारे महाभाग गावात असतात आणि पोरांनी ते बघितलेलं असतं, त्यामुळं हे गुळमुळीत सांगायचं नाही, 'तुझा काका करत असला तरी तो गुन्हाच आहे' असं स्पष्ट सांगायचं. दुसरा, बारीक आसाची (छिद्रांची) जाळी. उजनीकडं वडाप म्हणतात त्या जाळ्यात बोटाएवढी पिल्लं सुद्धा सुटत नाहीत. जाळ्याचा एक तुकडा वर्गात न्या आणि पोरांना त्यातून बोट घालून बघू दे, भाषण करायची गरज पडत नाही.

तिसरा पावसाळ्याचा. समुद्रातली पावसाळी बंदी सगळ्यांना पेपरात वाचून माहीत असते, आणि तीच तळ्यालाही लागू असं समजून बरेच जण पोरांना चुकीचं शिकवतात. तळ्याचा नियम ठेक्याच्या कागदात आणि मत्स्यव्यवसाय ऑफिसात विचारायचा. पण कागद काहीही म्हणो, मी पावसाच्या सुरुवातीला पोरांना नेत नाही. पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालायला वर चढतात, चढणीचे मासे म्हणून लोक टोपल्या भरून आणतात, आणि त्यात बहुतेक माद्यांच्या पोटात गाभोळी असते. एक मादी सोडली तर पुढं किती मासे होतील ते पोरांनाच विचारा, त्यांचे आकडे ऐकण्यासारखे असतात.

चौथा म्हणजे घरच्या काचेच्या टाकीतला कुठलाही मासा तळ्यात सोडायचा नाही. उजनीत सकर मासा जाळ्यात सापडतो, तो अ‍ॅक्वेरियमचाच पाहुणा. अंगावर चिलखतासारखी खरखरीत पाठ, कुणी खात नाही, वर जाळी फाडतो. आणि कासव गळाला लागलं तर खेळत बसायचं नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची आणि सोडायचं, वन्यजीव कायद्यात ते येतं.

ओळख, इथंच सगळे अडकतात

आपल्या पोरांना पापलेट, सुरमई, बांगडा पाठ असतात. राज्याचा मासा पापलेट, २०२३ ला जाहीर झाला, हे पण जीके मध्ये आलेलं असतं. गोड्या पाण्यातला मात्र प्रत्येक मासा त्यांच्यासाठी रोहूच असतो.

म्हणून पहिला तास तलावावर घेऊच नका, मासळी बाजारात घ्या. सकाळी भिगवण नाहीतर इंदापूरच्या बाजारात जा, दोनचार जातींचा एकएक मासा विकत घ्या (फुकट हाताळू नका, गिऱ्हाईक खोळंबतं आणि मासेवाली बाई बरोबर शिव्या घालते) आणि बाजूला ओट्यावर मांडा. मेलेला मासा पळत नाही, काटा मारत नाही, त्याचं तोंड उघडून बघता येतं.

आणि रंगावर जाऊ नका. हे मी प्रत्येक नव्या मास्तरला सांगतो आणि प्रत्येक जण पुन्हा रंगच शिकवतो. गढूळ पाण्यातला रोहू फिक्का दिसतो, स्वच्छ पाण्यातला लालसर, मेल्यावर तासाभरात दोन्ही सारखेच. तक्त्यातला तो गुलाबी रोहू आम्हाला तरी कधी भेटलेला नाही. तोंड बघायचं, फक्त तोंड.

कटला सोपा आहे. डोकं भलं मोठं, तोंड वर वळलेलं, खालचा ओठ जाड, मिश्या नाहीत. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो म्हणून तोंड वर, एवढं सांगितलं की पोरं विसरत नाहीत. खरी मारामारी रोहू आणि मृगळमध्ये. दोघंही लांबट, दोघांनाही खवले, दोघांनाही मिशीची एकेक बारीक जोडी जी धड दिसतही नाही, आणि लहानपणी तर ते जुळे भाऊच वाटतात. मलाही हे जमायला बराच काळ लागला, आणि जमलं ते बोटानं, डोळ्यानं नाही. ओठावरून ओलं बोट फिरवा. रोहूचे ओठ जाड आणि कडेला झालरीसारखे, बोटाला बारीक कंगोरे लागतात. मृगळचं तोंड रुंद, ओठ पातळ, झालर नाही, बोट सरळ घसरतं. रोहूचं नाकाड ओठाच्या थोडं पुढं आलेलं असतं आणि तोंड खालच्या बाजूला. मृगळ अंगानं सडपातळ आणि चंदेरी, पण हे शेवटी बघायचं, आधी ओठ.

आमच्याकडं परीक्षा अशी असते, डोळ्यावर रुमाल बांधायचा आणि ओट्यावरचे तीन मासे हातानं सांगायचे. ज्याला जमलं त्याला गळ. ज्याला नाही जमलं तो रडतो, मग परत येऊन करतो, आणि दुसऱ्या खेपेला जवळजवळ सगळ्यांना जमतं. पालकांचे फोन येतात, येऊ देत.

मग सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. हा पण रोहू म्हणून खपतो. मिश्या दोन जोड्या, ठळक दिसतात, आणि पाठीवरचा पर (पोहायचा पंख) लांबच्या लांब शेपटीकडं गेलेला. चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प) ओळखायचा तर डोळा बघा, डोक्याच्या एकदम खाली सरकलेला असतो, आणि खवले इतके बारीक की लांबून गुळगुळीत वाटतो. गवत्या (ग्रास कार्प) गोल दंडगोल, पाठीचा पर आखूड, मिश्या नाहीत. चिलापी (तिलापिया) म्हणजे पाठीवर काट्यांची ओळ, हात लावला की समजतंच.

जाता जाता पोरांना हेही सांगा की कटला, रोहू, मृगळ ही मूळची उत्तरेकडची, गंगेच्या खोऱ्यातली मंडळी. १० जुलै १९५७ ला ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून अंडी घालून घेण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि त्यानंतर बीज भरपूर मिळायला लागलं, म्हणून आपल्या तळ्यात आज हेच जास्त दिसतात.

खवले नसलेले

शिंगटीला खवले नाहीत, मिश्या भरपूर, आणि पाठीवर एक व दोन्ही बाजूंना एकेक असे ताठ काटे. पोरांनी पहिल्या दिवशी शिंगटीला हात लावायचा नाही, गळातून काढायची ती मोठ्यानं, काट्यांच्या मागून पकडून. टोचलाच काटा तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, हळद-चुना वगैरे चोपडू नका, आणि सूज चढली तर डॉक्टर.

मरळला मात्र खवले असतात, पण डोकं सापासारखं आणि तो वर येऊन हवा घेतो. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका एकत्र फिरताना दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. तिथं गळ टाकायचा नाही, त्या जोडीला काढलं तर घोळका दिवसभरात साफ होतो.

परदेशी मांगूरवर देशात २००० सालापासून बंदी आहे. मोठा, चितकबरा मांगूर लागला तर परत पाण्यात सोडायचा नाही, संस्थेच्या माणसाला दाखवायचा.

आता गळ

हे सोपं आहे. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), बूच, छोटा गळ, कणकेची गोळी नाहीतर गांडूळ. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका, बोटात घुसला तरी सहज निघतो आणि सोडायचा मासा फाटत नाही. मासा धरताना हात ओले, कल्ल्यात बोट नाही, फोटो एकच. सोडताना फेकायचा नाही, पाण्यात उभा धरायचा आणि तो स्वतः निघाला की हात काढायचा. चिलापीला मात्र दयामाया नको, ती घरी नेऊन तळा.

जागा निवडताना गाळ उपसलेले खड्डे कुठं आहेत ते आधी गावकऱ्यांना विचारा, कडेला गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला पुरुषभर, असं असतं. लाइफ जॅकेटशिवाय कुणी काठाजवळ नाही.

तुटलेला तंगूस गोळा करून परत आणायचा, पाणकावळे त्यात अडकून मरतात. गळ देताना मोजून द्या, घेताना मोजून घ्या, एक जरी कमी भरला तर बस हलवायची नाही.