गुडघ्याचा ढिलेपणा मोजताना

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प निवडताना माझ्यासमोर खानापूरकडची, कबड्डी आणि कुस्ती खेळणारी आमची मुले होती. उडी मारून वळताना गुडघा दगा देतो, असे ती सांगत. अशा वेळी पुष्कळदा एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारा अस्थिबंध, तुटलेला असतो. ते सरकणे मिलिमीटरमध्ये मोजायचे, एवढेच काम आहे असे मला वाटले होते.

मी टेबलाला फ्रेम बोल्ट केली, नडगीवर डायल गेज (बारीक सरकणे काट्यावर दाखवणारे मापक) टेकवला आणि पोटरी पुढे ओढली. पण मांडीही हलत असल्यामुळे काट्यावर सगळ्या पायाचे हलणे दिसत होते. गेजचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, ०.०१ मिमी असल्याने ते आकडे मला कितीतरी दिवस खरे वाटत राहिले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका जुन्या फिटरकाकांनी विचारले, "बेअरिंगचा प्ले बघताना मॅग्नेटिक बेस जमिनीवर ठेवतोस की हाउसिंगवर?" प्ले म्हणजे ढिलेपणा, मॅग्नेटिक बेस म्हणजे गेज धरणारी चुंबकी बैठक आणि हाउसिंग म्हणजे बेअरिंग ज्यात बसते ते कवच. ज्याच्या सापेक्ष ढिलेपणा मोजायचा, गेजचा आधार त्यावरच हवा; तिथेच माझी चूक उलगडली. एक टेकू गुडघ्याच्या वाटीवर, दुसरा वाटीखाली नडगीवर हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर, आणि मोजायचा तो या दोहोंतला फरक. १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेले केटी-१००० हे उपकरण याच तत्त्वावर चालते. ड्रॉइंगला हात घालण्यापूर्वी मी ते अभ्यासायला हवे होते.

नवख्यांनी सर्वांत जास्त वेळ पायाच्या आधाराला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. गुडघा २० ते ३० अंशांत वाकलेला हवा आणि दोन्ही पावले सारखीच वळलेली हवीत. रुग्ण घाबरून मांडीचे मागचे स्नायू आवळतो तेव्हा ते नडगीला मागे धरून ठेवतात आणि तुटलेल्या अस्थिबंधाचा गुडघाही घट्ट भासतो. म्हणून मांडीखालचा आधार असा असावा की पाय त्यावर निर्धास्त विसावेल. ओढण्यासाठी ८९ आणि १३४ न्यूटन ही बले रूढ आहेत, म्हणजे साधारण ९ आणि १३.६ किलोचे वजन. स्प्रिंग काट्याला तेवढी वजने टांगून तो आधी तपासून घ्यावा.

निरोगी गुडघ्यांचा ढिलेपणाही माणसागणिक वेगळा असल्यामुळे एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. त्याच व्यक्तीच्या दोन गुडघ्यांतला फरक पाहतात, आणि तो ३ मिमी किंवा अधिक असेल तर एसीएलच्या दुखापतीचा संशय बळावतो. साहजिकच उपकरणाची स्वतःची चूक याहून पुष्कळ कमी असली पाहिजे. त्यासाठी आधी लाकडी नमुन्यावर स्लिप गेजने (नेमक्या जाडीच्या ठोकळ्यांनी) ठरावीक अंतर देऊन वाचन पडताळावे. माणसावर लावण्यापूर्वी नैतिकता समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि पाय ओढण्याचे काम अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडेच ठेवावे. चाचणीत प्रत्येक वाचनानंतर पट्टे सोडून उपकरण पूर्ण काढावे आणि पुन्हा बांधावे, कारण पट्टे न सोडता घेतलेली दहा वाचने एकमेकांशी जुळली, तरी बांधण्यातली चूक त्यांत दिसतच नाही.