५० अंशांवर मिथेनपासून मेथॅनॉल: प्रयोग कसा लावावा आणि निकाल कसा तपासावा

मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर मेथॅनॉलमधील तसाच बंध सुमारे ४०२ किलोज्यूलवर तुटतो. त्यामुळे मिथेनला हात घालू शकणारा उत्प्रेरक तयार झालेल्या मेथॅनॉललाही सोडत नाही आणि त्याचे फॉर्मिक आम्ल किंवा कार्बन डायऑक्साइड करून टाकतो. भातखाचरांतील मिथेनभक्षी जिवाणू आपल्या विकराच्या साहाय्याने हे रूपांतर साध्या तापमानाला करतात. प्रयोगशाळेत त्याच्या जवळ जाणारी एक वाट २०१२ मध्ये कार्डिफ विद्यापीठातील ग्रॅहम हचिंग्ज यांच्या गटाने दाखवली: लोहयुक्त झेडएसएम-५ झिओलाइट (सूक्ष्म छिद्रे असलेले ॲल्युमिनोसिलिकेट), पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पुढील सूचना त्या पद्धतीवर काम करू इच्छिणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहेत. दाबाखालील ज्वलनशील वायू आणि पेरॉक्साइड यांचा हा प्रयोग अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीशिवाय करू नये.

झिओलाइटमध्ये लोह बसवल्यावर तो हवेत ५५० अंश सेल्सिअसला सुमारे तीन तास भाजावा. ५० मिलिलिटरच्या ऑटोक्लेव्हला (दाब सहन करणाऱ्या बंद पात्राला) टेफ्लॉनचे अस्तर असलेच पाहिजे, कारण पोलादाच्या उघड्या पृष्ठभागावर पेरॉक्साइड व्यर्थ विघटित होते. त्यात ०.५ मोलर पेरॉक्साइडचे १० मिलिलिटर द्रावण आणि सुमारे २७ मिलिग्रॅम उत्प्रेरक घ्यावा, मिथेनने तीनदा धुऊन आतील हवा घालवावी, दाब ३० बारपर्यंत न्यावा आणि ५० अंशांवर अर्धा तास जोरात, म्हणजे मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांनी, ढवळावे. ढवळण्यात कंजूषी नको: एका वातावरणाच्या दाबाला लिटरभर पाण्यात जेमतेम १.४ मिलिमोल मिथेन विरघळते, त्यामुळे संथ ढवळल्यास उत्प्रेरकाऐवजी वायू विरघळण्याचा वेग मोजला जातो. नंतर पात्र बर्फात ठेवून १० अंशांच्या आसपास आणावे आणि मगच, हवा खेचणाऱ्या कपाटात, दाब सावकाश सोडावा. गरम पात्र उघडल्यास मेथॅनॉलही वायूबरोबर निघून जाते.

सुरक्षिततेसाठी एक हिशेब आधीच करून ठेवावा. वरील द्रावणात ५ मिलिमोल पेरॉक्साइड आहे, तर पात्राच्या मोकळ्या जागेत सुमारे ४८ मिलिमोल मिथेन. सर्व पेरॉक्साइड विघटित झाले तरी २.५ मिलिमोलच ऑक्सिजन तयार होतो आणि मिश्रण मिथेनबहुल राहते. पेरॉक्साइड वाढवण्यापूर्वी मात्र हे गणित पुन्हा मांडावे. याच हिशेबानुसार पेरॉक्साइडचा प्रत्येक रेणू मेथॅनॉल करण्यातच खर्ची पडला तरी मिथेनचे रूपांतर दहा टक्क्यांच्या आसपास थांबते. म्हणून केवळ टक्केवारी न देता उत्पादन मायक्रोमोलमध्ये द्यावे आणि त्यासाठी किती पेरॉक्साइड लागले तेही सांगावे. उरलेले पेरॉक्साइड फेरॉइन हा रंग बदलणारा निर्देशक वापरून सेरियम सल्फेटच्या अनुमापनाने मोजता येते.

खरी कसोटी विश्लेषणात आहे. या प्रक्रियेत सर्वप्रथम मेथिल हायड्रोपेरॉक्साइड तयार होते, आणि गॅस क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणाचे घटक वायुरूपात वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) उष्णतेत ते टिकत नाही. त्यामुळे द्रव नमुना प्रोटॉन एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे संकेत टिपणाऱ्या उपकरणावर), पाण्याचा संकेत दाबून, तपासावा. मेथॅनॉल ३.३, हायड्रोपेरॉक्साइड ३.९ आणि फॉर्मिक आम्ल ८.३ पीपीएमच्या आसपास दिसते. कार्बन डायऑक्साइड वायूच्या नमुन्यातून स्वतंत्रपणे मोजावा, अन्यथा निवडकता (एकूण उत्पादनांत मेथॅनॉलचा वाटा) फुगते. तांबे घातल्यास मुक्त हायड्रॉक्सिल मूलकांना आळा बसतो आणि मेथॅनॉलचा वाटा लक्षणीय वाढतो.

मिथेनऐवजी निष्क्रिय वायू घेऊन केलेला कोरा प्रयोग टाळणाऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवणे कठीण आहे. झिओलाइट घडवताना वापरलेल्या सेंद्रिय साच्याचे अवशेष, कलिलरूप उत्प्रेरक वापरल्यास त्याच्या कणांवरील बहुवारिक (पॉलिमर) किंवा काचेला चिकटलेले ॲसिटोन यांचेही ऑक्सिडीकरण होऊन कार्बनयुक्त पदार्थ बनू शकतात. निर्णायक पुरावा हवा असेल तर कार्बन-१३ मिथेन वापरावे: मेथॅनॉलचा एकेरी संकेत सुमारे १४१ हर्ट्झ अंतराच्या जोडीत दुभंगतो, आणि मधोमध उरलेला एकेरी संकेत प्रामुख्याने बाहेरून आलेल्या कार्बनचा असतो. शेवटी गाळलेल्या द्रवात ताजे पेरॉक्साइड घालून मिथेनच्या दाबाखाली तोच प्रयोग उत्प्रेरकाशिवाय चालवावा. उत्पादन पुन्हा मिळाले, तर काम झिओलाइटमधल्या नव्हे, झिरपून पाण्यात उतरलेल्या लोहाने केले असण्याची शक्यता आधी तपासावी लागेल.