नांगराला तांब्याची कुऱ्हाड लागली तर

पहिलं सांगते, चिंच-लिंबू लावू नका. पितांबरीही नको. आमच्या संगमनेर भागात हिरवट धातू दिसला की हात आधी घासणीकडे जातो. पण तो हिरवा थरच जपायचा असतो. धारेवरच्या झिजेच्या बारीक रेघा, चिकटलेली माती, कधी दांड्याच्या लाकडाचा अंशही त्यातच टिकतो. खरा धातू बघायला कानस मारणं तर नकोच.

चपटं, भोक नसलेलं, धारेकडे पसरत गेलेलं पातं असेल तर ते ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे माणूस दगडाबरोबर तांब्याचीही हत्यारं वापरायचा त्या काळातलं असू शकतं. आमच्या संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खननात अशाच चपट्या कुऱ्हाडी निघाल्या.

वस्तू अजून जमिनीतच असेल तर उपटू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, खोली मोजा, मोबाईलवर ठिकाण नोंदवा. आजूबाजूला उकरू नका. एकाखाली अनेक असू शकतात: मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरियाला 1870 मध्ये गुराखी पोरांना सापडलेल्या साठ्यात तांब्याची 424 हत्यारं होती!

बाहेर आलीच असेल तर कोरड्या सुती कापडात, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमट राहून ती खराब होते.

मग जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा: काय, कुठे, कधी सापडलं. 1878 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्याने हे बंधनकारक आहे. लपवलं तर ज्याला सापडलं त्याचा त्यावरचा हक्क जातो. अर्जाची पोच घ्या, फोटोची एक प्रत स्वतःकडे ठेवा.