मूल्यमापनाला निघण्याआधी: या चुका टाळा

विकास प्रकल्पांच्या मूल्यमापनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. इतरांचे अहवालही तपासायला येतात. देश वेगळे, विषय वेगळे, चुका मात्र त्याच. त्यातली एक इतकी नेमाने होते की आधी तिच्याबद्दलच लिहिते.

दाखवलेलीच गावं बघणं

पाणी आणि स्वच्छतेच्या एका प्रकल्पाचं मध्यावधी मूल्यमापन होतं. पोचल्या दिवशीच स्थानिक कार्यालयाने बारा गावांची यादी हातात ठेवली. गाडी, वेळ, कुणाला भेटायचं, सगळं ठरलेलं. पहिले तीन दिवस मीही त्याच यादीने फिरले. हातपंप चालू, समितीचे सदस्य हजर. चौथ्या गावात समितीची वही मागितली. वर्षभराच्या बैठका एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. पानाला दुमड नाही, बोटाचा डाग नाही. मग शौचालयाशेजारची साबणाची वडी पाहिली. तिच्यावरची अक्षरं अजून जशीच्या तशी उठलेली होती. पाणी लागलेलंच नव्हतं. घरातल्या बाईंनी दहा मिनिटांपूर्वी "रोज साबणाने हात धुतो" असं सांगितलं होतं आणि आमच्या प्रश्नावलीत त्यापुढे 'हो' लागलंही होतं.

त्या रात्री प्रकल्पातल्या सगळ्या गावांची यादी मागून घेतली आणि चिठ्ठ्या टाकून दहा नावं काढली. बहुतेक गावं मोठ्या रस्त्यापासून लांब. दहापैकी चार ठिकाणी पंप बंद. एका पंपाची दांड्याला जोडलेली साखळी तुटली होती, दांडा नुसताच वरखाली होत होता. ओढ्याकडे पाण्याला निघालेल्या एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "दोनदा कळवलं. दोन्ही वेळा माणूस आला, फॉर्म भरून गेला. साखळी कुणी आणली नाही." प्रकल्पाच्या नोंदीत तो पंप चालू होता, कारण नोंद बसवल्या दिवशी झाली आणि नंतर कुणी ती उघडली नाही.

कार्यालयातली माणसं लबाड होती असं मला वाटत नाही. पाहुण्याला आपण घरातली बरी खोली दाखवतो, तसंच ते. यादी मी मुकाट घेतली, ती चूक माझी.

तेव्हापासून निघण्याआधीच पूर्ण यादी मागवते, नावं स्वतः काढते आणि कुठे जायचं ते आदल्या संध्याकाळीच सांगते. शिवाय टीमला विचारते, "तुमचं सगळ्यात फसलेलं गाव कुठलं?" तिथे एक पूर्ण दिवस जातो. शिकायला सगळ्यात जास्त तिथेच मिळतं.

काम मोजून परिणाम सांगणं

इतक्या जणींना प्रशिक्षण दिलं, इतक्या बैठका घेतल्या, हे झालं काम. त्यामुळे कुणाच्या आयुष्यात काय बदललं, ते पुढच्या ओळीत नसेल तर मी अहवाल परत पाठवते.

फॉर्मपासून सुरुवात करणं

नव्या मुलामुलींची घाई मला समजते, पण पटत नाही. टीओआर, म्हणजे काम काय करायचं ते सांगणारा कागद, नीट वाचून व्हायच्या आत कोबो या सर्वेक्षणाच्या अ‍ॅपमध्ये साठ प्रश्नांचा फॉर्म तयार असतो. या उत्तरांवरून कोण, कधी, कुठला निर्णय घेणार आहे, ते आधी एका कागदावर लिहा. ज्या प्रश्नाचा त्या निर्णयाशी संबंध नाही, तो काढा. लोकांचा अर्धा दिवस आपण फुकट घेत असतो.

चुकीच्या माणसाला गाठणं

बांगलादेशात १९९५ साली मोठा पोषण प्रकल्प सुरू झाला. त्याचा नमुना तमिळनाडूतल्या प्रकल्पाचा. मुलांच्या आयांना आहाराबद्दल सल्ला द्यायचा, अशी त्यातली मुख्य कल्पना. पण तिथल्या ग्रामीण घरांत बाजार पुरुष करतात आणि सासू-सून एकत्र राहत असतील तर चुलीपाशी सासूचं चालतं. सल्ला पोचला, पण काय शिजवायचं हे जी ठरवत नव्हती तिच्याकडे. जागतिक बँकेच्या मूल्यमापन विभागाने नंतर हे मांडलं. नव्या ठिकाणी गेले की मी पहिल्या दिवशी एवढंच विचारते: या घरात पैसे कोण खर्च करतं, आणि हे ठरवतं कोण? एकट्याला नाही, तीन-चार जणांना वेगवेगळं विचारायचं.

बेसलाइन (सुरुवातीची स्थिती) शेवटी आठवणं

"तीन वर्षांपूर्वी उत्पन्न किती होतं?" याला खरं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. छप्पर कसलं होतं, जनावरं किती होती, मुलगी शाळेत जात होती का, हे लोकांना आठवतं. तेवढ्यावर भागवा आणि तसं अहवालात स्पष्ट लिहा.

लॉगफ्रेमला देवासारखं पुजणं

लॉगफ्रेम म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं, कामं आणि ती मोजायचे निर्देशक मांडणारा तक्ता. तो १९६९ च्या सुमारास यूएसएआयडी या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी तयार झाला, नियोजनाला शिस्त लागावी म्हणून. परिस्थिती बदलली की निर्देशक बदला, आणि का बदलले त्याची नोंद ठेवा. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने मूल्यमापनासाठी ठरवलेल्या निकषांचंही तेच. १९९१ पासून चालत आलेले पाच निकष २०१९ मध्ये सहा झाले, सुसंगती, म्हणजे इतर कामांशी मेळ, हा नवा. सगळ्या सहांना सारखी पानं वाटून देऊ नका. ज्याचं उत्तर हवं आहे तिथे वेळ घाला.

अहवाल पाठवला की संपलं

माझी दुसरी दुखरी जागा ही. सुरुवातीच्या काळात एका अहवालात मी चाळीसच्या वर शिफारसी लिहिल्या होत्या. दोन वर्षांनी त्याच संस्थेत वेगळ्या कामासाठी गेले, तर नव्या टीओआरमध्ये जवळपास तेच प्रश्न. जुना प्रकल्प व्यवस्थापक सोडून गेला होता, अहवाल कुणी उघडलेला नव्हता. आता सातच्या वर शिफारसी देत नाही. मसुद्याआधी टीमबरोबर बसून प्रत्येक शिफारशीपुढे पदाचं नाव आणि महिना लिहून घेते. तो महिना आला की स्वतःहून पत्र टाकते.

आणि उत्तरदायित्व म्हणजे फक्त निधी देणाऱ्याला हिशेब देणं, हे मनातून काढा. सरदार सरोवराच्या विस्थापितांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनी इतका रेटा लावला की जागतिक बँकेला १९९२ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल घ्यावा लागला आणि १९९३ मध्ये इन्स्पेक्शन पॅनेल उभं करावं लागलं. प्रकल्पाची झळ बसलेल्यांना थेट बँकेकडे दाद मागायला त्यातून एक दार मिळालं. लोकांना हिशेब मागायचा असतो. आपण तो घेऊन त्यांच्याकडे परत जातच नाही.

म्हणून बजेट मांडताना मी त्या गावांत परत जायचे दोन दिवस आधी लिहिते. निष्कर्ष त्यांच्या भाषेत, तोंडी, सगळ्यांसमोर सांगायचे, आणि कुणी "हे चुकलं" म्हणालं तर अहवालात दुरुस्त करायचं. पैसे कापायची वेळ आली तर मुलाखतींचे दिवस कमी करते, हे दोन नाही.